थंड आहे, पण कोरडे आहे का?

बऱ्याच शस्त्रक्रियागृहांच्या भिंतीवर एक छोटा डिजिटल फलक असतो. त्यावर दोन आकडे दिसतात. एक तापमानाचा आणि दुसरा आर्द्रतेचा. पहिल्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. तो वर गेला की सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका यांपैकी कोणीतरी लगेच मेंटेनन्सला फोन करते. दुसरा आकडा ७० वर गेला तरी फोन होईलच असे नाही. त्या आकड्याने घाम येत नाही आणि यंत्र बंद पडत नाही. खोली थंड असते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते.

पनवेलसारख्या गावात हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला माथेरान आणि कर्नाळ्याचे डोंगर, मधे गाढी नदीचे खोरे. इथे जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी येते आणि दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत. हीच हवा रुग्णालयाच्या गच्चीवरून आत ओढली जाते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते. वाटेत तिच्यातले पाणी काढून घेण्याचे काम एक यंत्रणा करते. ती यंत्रणा नीट चालेल की नाही, हे फॉल्स सीलिंगच्या वर किंवा एखाद्या अरुंद सर्व्हिस रूममध्ये बसवलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या एका मोटरच्या नळावर बऱ्याच अंशी ठरते. त्याला कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. तो कोणता निवडला, कसा बसवला आणि बसवल्यावर कोणी तपासला का, हा आज केवळ प्लंबिंगचा विषय राहिलेला नाही. तो आरोग्याचाही विषय आहे.

हवेतून किती पाणी काढायचे?

शस्त्रक्रियागृहासाठीचे रूढ निकष असे आहेत. तासाला किमान २० वेळा खोलीतली हवा बदलली गेली पाहिजे आणि त्यातल्या किमान ४ वेळा ती बाहेरची ताजी हवा असली पाहिजे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या सूचनांनुसार तापमान २१ अंश सेल्सिअस, त्यात तीन अंश इकडेतिकडे, आणि सापेक्ष आर्द्रता २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान हवी.

आता थोडे गणित करू. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. आत आपल्याला २१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी असेल, तर त्या हवेत फक्त १० ग्रॅम पाणी चालते. म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेतून १४ ग्रॅम पाणी काढायचे. २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच शस्त्रक्रियागृहाचे आकारमान साधारण ११३ घनमीटर होते. तासाला चार वेळा ताजी हवा म्हणजे सुमारे ४५० घनमीटर. गुणाकार केला तर तासाला सहा लिटरहून अधिक पाणी होते. यंत्रणा चोवीस तास चालली तर दिवसाला दीडशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पाऊण पिंप पाणी. एका खोलीच्या हवेतून एवढे पाणी रोज बाहेर पडले नाही, तर ते आतच राहते.

हे पाणी काढण्याची रीत आपल्या घरातही दिसते. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. हवा थंड पृष्ठभागाला टेकते, तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी होते आणि जास्तीचे पाणी थेंबांच्या रूपात बाहेर येते. ज्या तापमानाला हे सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. २१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण ११ ते १२ अंश असतो. म्हणजे शस्त्रक्रियागृहात २१ अंश हवे असले, तरी वाटेत हवा आधी ११-१२ अंशांपर्यंत खाली न्यावी लागते. तिथे तिच्यातले पाणी गळून पडते. मग गरजेनुसार तिला पुन्हा थोडी ऊब द्यायची आणि खोलीत सोडायची.

मोठ्या रुग्णालयात हे काम पाण्याच्या पाइपांतून होते. तळघरातला किंवा गच्चीवरचा चिलर पाणी ६ ते ७ अंशांपर्यंत थंड करतो. पंप ते पाणी मजल्यामजल्यावर नेतो. तिथे एअर हँडलिंग युनिट नावाच्या पेटीत तांब्याच्या नळ्यांची एक जाळी असते. तिला कॉइल म्हणतात. नळ्यांतून थंड पाणी जाते आणि नळ्यांवरून पंख्याने ढकललेली हवा जाते. हवा थंड होते, कॉइलवर दव जमते आणि खालच्या ताटलीतून ते निचऱ्याला लागते. त्यापुढे ऊब देण्यासाठी दुसरी कॉइल असते. तिच्यात गरम पाणी फिरते किंवा तिच्याऐवजी विजेचा हीटर असतो. गार पाण्याच्या पाइपवर एक कंट्रोल व्हॉल्व्ह आणि गरम पाण्याच्या पाइपवर दुसरा. किती गार आणि किती गरम, हे या दोघांनी मिळून ठरवायचे असते.

सुरुवात छापखान्यातून

वातानुकूलनाचा जन्मच मुळी दमटपणाशी झगडताना झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत होता आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नव्हते. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले पाणी काढायचा आराखडा केला. कामगारांना गारवा मिळाला, तो वरकड फायदा होता.

व्हॉल्व्हला आपोआप चालवण्याची कल्पना त्याआधीची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात वर्ग किती गरम झाला हे पाहायला शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात यायचा, तळघरात जाऊन उष्णता कमी-जास्त करायचा, आणि शिकवण्यात व्यत्यय यायचा. त्यावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी विजेवर चालणारा खोलीतला थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे संकुचित हवेच्या दाबाने वाफेचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारी यंत्रणाही त्यांनी बसवली. आजच्या मोटरच्या व्हॉल्व्हची कुळी तिथवर जाते. फरक एवढाच, की आता शिपायाच्या जागी भिंतीवरचा सेन्सर आहे आणि निरोप ० ते १० व्होल्टच्या विद्युत संकेताने जातो. ० म्हणजे बंद, १० म्हणजे पूर्ण उघडा, ५ म्हणजे निम्मा. व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलेली मोटर, जिला ॲक्च्युएटर म्हणतात, ती त्याप्रमाणे आतला दांडा वर-खाली करते.

पनवेल तालुक्यात गेल्या काही वर्षांत अशा पाइपांचे जाळे वाढले आहे. २०२० मध्ये इथे योट्टाचे भलेमोठे डेटा सेंटर सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे आणि तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होते. तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत रसायने आणि औषधांचे कारखाने आहेत. द्रुतगती मार्ग आणि गोवा महामार्ग इथूनच फुटत असल्याने अपघाताचे रुग्णही याच परिसरातल्या रुग्णालयांत येतात. डेटा सेंटरमध्ये गारवा बिघडला की काही मिनिटांत अलार्म वाजतो, कारण प्रत्येक मिनिटाला पैसे जातात. शस्त्रक्रियागृहात दमटपणा वाढला तर तितक्या तातडीने काही वाजत नाही.

थंड पण दमट

बिघाड होतो तो असा. समजा, यंत्रणा फक्त तापमानावर चालवलेली आहे. पहाटे पाऊस पडतो आहे, खोलीत अजून कोणी नाही, दिवे बंद आहेत. खोली पटकन २१ अंशांवर येते. सेन्सर म्हणतो, पुरे. व्हॉल्व्ह बंद होत होत जेमतेम फटीएवढा उघडा राहतो. कॉइलमधून आता थोडेच पाणी जाते आहे. वाटेत ते तापते आणि कॉइलचा बराचसा भाग १६-१७ अंशांवर येतो. एवढ्या कॉइलने हवा थोडी गार होते. पण तिच्यातले पाणी पुरेसे गळत नाही. उलट कॉइलवर आधी जमलेले दवही पुन्हा हवेत मिसळते. फलकावर तापमान २१ दिसते आणि आर्द्रता ६५, ७०, ७५ अशी चढत जाते.

सकाळी शस्त्रक्रिया सुरू होते. गाऊन, टोपी, मास्क घातलेल्या माणसांना दमट हवेत कोंदटल्यासारखे होते. कोणीतरी सांगते, एसी वाढवा. तापमान १८ वर आणले जाते. डॉक्टरांना बरे वाटते. टेबलावरचा रुग्ण मात्र भुलेखाली असतो. भूल दिल्यावर शरीराची स्वतःचे तापमान राखण्याची ताकद कमी झालेली असते, अंगावर कपडे नसतात आणि शरीराचा काही भाग उघडा असतो. तो गार पडू लागतो.

रुग्ण गार पडण्याचा परिणाम १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिला. अँड्रिया कुर्झ, डॅनियल सेसलर आणि रेनर लेनहार्ट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांच्या शरीराचे तापमान शस्त्रक्रियेदरम्यान नेहमीसारखे राखले, त्यांच्यापैकी ६ टक्के जणांच्या जखमेत संसर्ग झाला. ज्यांचे तापमान साधारण दोन अंशांनी खाली गेले, त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होते. त्यांना रुग्णालयातही जास्त दिवस राहावे लागले. रुग्णाला उबदार ठेवण्यासाठी गरम हवेचे पांघरूण वापरतात आणि ते वापरायलाच हवे. पण खोली दमट आहे म्हणून तापमान खाली ओढायचे, हा उलटा कारभार आहे. हवा कोरडी असेल तर तेच डॉक्टर २१-२२ अंशांवरही आरामात काम करू शकतात.

दमटपणाचा दुसरा त्रास बुरशीचा. हवा झोतांच्या जाळीवर, छताच्या पॅनेलवर, डक्टच्या आतल्या अस्तरावर ओल धरते. जिथे ओल आहे आणि धूळ आहे, तिथे बुरशी येते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण तो ओला होऊ नये अशी अपेक्षा असते. निर्जंतुक केलेल्या साहित्याच्या पुड्याही ओलसर होता कामा नयेत. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि बहुतेकांना काही होत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मात्र तळाला गेलेली असते. त्याच्यासाठी हीच बुरशी जीवघेणी ठरू शकते.

यावरचा इलाज अवघड नाही. गार पाण्याच्या व्हॉल्व्हने तापमान आणि आर्द्रता दोन्हींचे ऐकले पाहिजे आणि ज्याची मागणी जास्त असेल त्याप्रमाणे उघडले पाहिजे. त्यामुळे खोली जास्त गार होऊ लागली, तर गरम पाण्याच्या व्हॉल्व्हने तेवढी ऊब भरून काढायची. कागदावर हे दोन ओळींत लिहिता येते. प्रत्यक्षात ते घडण्यासाठी व्हॉल्व्ह बारकाईने पाणी सोडणारा हवा आणि नीट बसलेला हवा. गाडी अडते ती इथेच.

जाड पाइप, बारीक व्हॉल्व्ह

पहिली चूक मापाची. उदाहरण घेऊ. दहा टनांच्या कॉइलला, पाणी साडेपाच अंशांनी तापून परतणार असे धरले, तर मिनिटाला साधारण ९० लिटर पाणी लागते. त्यासाठी पाइप दोन इंची घेतात, म्हणजे पाणी आवाज न करता वाहते. मग व्हॉल्व्हही दोन इंची घेतला जातो, कारण पाइप दोन इंची आहे. वास्तविक इथे हिशेबाने बहुधा एक इंची व्हॉल्व्ह पुरतो.

कारण असे की पाइपचे काम पाणी सुखाने जाऊ देणे हे आहे आणि कंट्रोल व्हॉल्व्हचे काम पाणी अडवणे हे आहे. जो नळ पूर्ण उघडा असतानाही पाण्याला काहीच अडथळा करत नाही, तो थोडा बंद केल्याने फारसा फरक पडत नाही. नेहमीच्या बनावटीचा एक इंची व्हॉल्व्ह १ बार दाबफरकाला तासाला साधारण १० घनमीटर पाणी सोडतो, तर दोन इंची ४०. म्हणजे चौपट क्षमता. तेवढेच पाणी त्यातून गेले तर व्हॉल्व्हवर पडणारा दाबफरक सोळाव्या हिश्श्यावर येतो. पाणी किती जायचे हे मग व्हॉल्व्हच्या हातात उरत नाही. ते पंप आणि बाकीचे पाइप ठरवतात. म्हणून अभियंते सांगतात की त्या शाखेतल्या एकूण दाबफरकाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग व्हॉल्व्हवर पडावा.

मोठा व्हॉल्व्ह बसला की तो बहुतेक वेळ बंद होण्याच्या टोकाशी काम करतो. किंचित उघडला की धो धो पाणी, किंचित मिटला की जवळजवळ काहीच नाही. सेन्सर म्हणतो गार हवे, व्हॉल्व्ह उघडतो, खोली जास्त गार होते, व्हॉल्व्ह मिटतो, खोली तापते. दिवसभर हा झोका चालू राहतो. मोटरचे दाते झिजतात आणि आर्द्रतेची रेघ करवतीसारखी दिसते.

यात कॉइलच्या स्वभावाची भर पडते. पाणी पाव केले म्हणजे गारवाही पाव होतो असे नाही. पाव पाण्यातही निम्म्याच्या आसपास गारवा मिळतो. म्हणून चांगल्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या आतल्या दट्ट्याचा आकार मुद्दाम असा घडवलेला असतो की सुरुवातीच्या उघडण्यात पाणी अगदी थोडे थोडे वाढते आणि शेवटाकडे झपाट्याने वाढते. कॉइल आणि व्हॉल्व्ह यांचे स्वभाव एकमेकांना पुरे पडतात आणि निम्म्या संकेताला साधारण निम्मा गारवा मिळतो. स्वस्तातला साधा बॉल व्हॉल्व्ह किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह मोटर लावून बसवला, तर हे साधत नाही. पाणी पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करायला तो उत्तम आहे, मापून सोडायला नाही. मजल्यामजल्यावर दाब बदलत असेल, तर दाबातला चढउतार स्वतःच सांभाळून घेणारे व्हॉल्व्हही मिळतात. ते महाग आहेत. पण मोठ्या इमारतीत त्यांनी बरीच डोकेदुखी वाचते.

विजेच्या बिलाचाही इथे संबंध आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी कॉइलमधून धावले तर ते पुरेसे न तापताच चिलरकडे परतते. पंप जास्त पाणी फिरवत राहतात. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पंपाचे गणित असे आहे की पाणी निम्मे केले तर वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येऊ शकते. ही बचत व्हॉल्व्ह नीट मिटला तरच पदरात पडते.

बसवताना काय पाहावे?

बसवण्याचे नियम साधे आहेत, पण प्रत्येकामागे कारण आहे.

व्हॉल्व्हच्या अंगावर बाण कोरलेला असतो. पाणी त्याच दिशेने गेले पाहिजे. उलटा बसवला तर बंद होताना पाण्याचा दाबच दट्ट्याला ओढून आदळवतो, पाइप खडखडतो आणि बारीक नियंत्रण संपते.

मोटर पाइपच्या वर किंवा फार तर आडवी असावी. खाली लोंबकळत कधीच नसावी. गार पाइपला घाम फुटतोच आणि तो दांड्यावरून ओघळून थेट मोटरच्या सर्किटमध्ये उतरतो. कोकणच्या हवेत हा नियम मोडण्याची किंमत पहिल्याच पावसाळ्यात मोजावी लागते.

व्हॉल्व्हच्या आधी गाळणीची जाळी हवी आणि पाइप धुऊन झाल्यावरच व्हॉल्व्हमधून पाणी सोडायला हवे. नव्या पाइपांत वेल्डिंगचे कण, आटे पाडल्याचा चुरा, सीलिंगचा धागा, कधी सिमेंटही असते. यातला एक कण दट्ट्याच्या बैठकीवर अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

दोन्ही बाजूंना हाताने बंद करता येणारे व्हॉल्व्ह आणि सोडवता येणारे जोड हवेत. नाहीतर एक मोटर बदलायला अख्ख्या मजल्याचे पाणी रिकामे करावे लागते आणि मग कोणी ती बदलतच नाही. मोटर वर उचलून काढता येईल एवढी मोकळी जागा आणि छतात तिथेच झडप हवी.

व्हॉल्व्हच्या अंगावर इन्सुलेशन आणि बाष्परोधक आवरण पूर्ण हवे. पण मोटर त्यात गुंडाळायची नाही. संकेताची तार पंख्याच्या वा पंपाच्या वीजवाहिनीला चिकटून नेऊ नये. नाहीतर मोटर उगाच थरथरत राहते.

मोटरची ताकद पंपाच्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह पूर्ण मिटवण्याइतकी हवी. गरम पाण्याच्या व्हॉल्व्हबाबत याकडे विशेष लक्ष द्यावे. तो गळत राहिला तर एकाच पेटीत एसी आणि हीटर दोन्ही दिवसरात्र भांडत राहतात. खोलीचे तापमान बरोबर दिसते, त्यामुळे ही चोरी वर्षानुवर्षे पकडली जात नाही. वीज गेल्यावर स्प्रिंगने व्हॉल्व्ह कुठे जाऊन थांबावा, हेही आधी ठरवलेले असावे. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह मिटावा, हे बहुतेक ठिकाणी सुरक्षित असते.

तीन ठेकेदार, एक व्हॉल्व्ह

हे सगळे माहीत असूनही चुका होतात, कारण व्हॉल्व्ह तिघांचा असतो. पाइपात तो फिटर बसवतो. तार इलेक्ट्रिशियन जोडतो. संकेत कंट्रोल सिस्टीमवाला पाठवतो. प्रत्येकाचे आपापले काम पूर्ण होते, बिल निघते, छत बंद होते. संगणकाच्या पडद्यावर व्हॉल्व्ह ‘५० टक्के उघडा’ दिसतो. तो आकडा बऱ्याचदा पाठवलेल्या आदेशाचा असतो. दांडा खरोखर किती हलला, हे तो सांगत नाही. मोटर आणि दांडा यांच्यातला स्क्रू ढिला असेल, तर मोटर फिरते आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.

म्हणून छत बंद होण्यापूर्वी तिघांनी एकत्र उभे राहून एक चाचणी करायची असते. पडद्यावरून ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असे आदेश द्यायचे आणि दुसऱ्याने व्हॉल्व्हजवळ उभे राहून दांड्यावरची खूण पाहायची. मग पूर्ण बंदचा आदेश देऊन थोड्या वेळाने कॉइलच्या पुढचे हवेचे तापमान मोजायचे. हवा अजून गार होत असेल तर व्हॉल्व्ह गळतो आहे. एका व्हॉल्व्हला अर्धा तास लागतो. ही चाचणी जानेवारीत उरकून समाधान मानू नये. कोरड्या हवेत कोणतीही यंत्रणा पास होते. खरी परीक्षा जुलैत, पाऊस कोसळत असताना आणि खोली रिकामी असताना होते.

चालू रुग्णालयात आणखी एक सापळा आहे. मोटरवर हाताने चालवायचे एक बटण वा दांडी असते. एखाद्या रात्री तक्रार आली की मेंटेनन्सचा माणूस व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडून ठेवतो. तक्रार मिटते. बटण पुन्हा ‘ऑटो’वर करायचे राहून जाते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला रात्री एकट्याने काम भागवायचे असते आणि त्या व्हॉल्व्हचा रुग्णाच्या जखमेशी काय संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ती मुले हात चालवायला शिकून येतात. त्यांना शस्त्रक्रियागृहाची आर्द्रता समजावून सांगणे हे रुग्णालयाचे काम आहे.

लहान रुग्णालयांचे काय?

पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघरच्या इमारतींत वीस-तीस खाटांची अनेक रुग्णालये आहेत. त्यांच्याकडे चिलर नसतो. तिथे भिंतीवरचा स्प्लिट एसी शस्त्रक्रियागृहात लावला गेला, तर अडचण वेगळी होते. असा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही आणि त्याला पुरेशी गाळणी नसते. एनएबीएचच्या सूचनांत शस्त्रक्रियागृहासाठी खिडकीचा वा स्प्लिट एसी वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. डक्टचे छोटे युनिट, ताज्या हवेची सोय, हेपा फिल्टर आणि पुन्हा ऊब देणारा हीटर अशी व्यवस्था लहान जागेतही करता येते. त्यात पाण्याऐवजी वायू फिरतो; पण तत्त्व तेच राहते. आधी कोरडे करा, मग हवे तेवढे उबदार करा.

रुग्णाच्या नातेवाइकांनी छतात डोकावून व्हॉल्व्ह तपासावा, अशी अपेक्षा नाही. पण रुग्णालय चालवणारे डॉक्टर, विश्वस्त आणि प्रशासक यांनी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रियागृहाची आर्द्रता रोज नोंदवली जाते का, आणि मागच्या जुलै-ऑगस्टची वही मिळेल का? आर्द्रता ६० च्या वर गेली तर कोणाला कळते आणि तो काय करतो? गार आणि गरम पाण्याच्या व्हॉल्व्हची ० ते १०० चाचणी शेवटची कधी झाली? त्यातला कोणता हातावर ठेवलेला आहे? आर्द्रतेचा सेन्सर शेवटचा कधी तपासून घेतला? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर शोधायला नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

लाखो रुपयांचे टेबल, दिवे आणि मॉनिटर येतात तेव्हा त्यांची पूजा होते, फोटो निघतात. त्या खोलीतल्या हवेतून रोज दीडशे लिटर पाणी काढणारा व्हॉल्व्ह कोणाच्या फोटोत नसतो. निदान पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या यादीत, गच्चीची गळती आणि जनरेटरचे डिझेल यांच्या शेजारी, त्याला एक ओळ मिळायला हवी.